कुबाकींचा हात

ढिगाच्या तळाशी नियम चालत नाहीत. वर शिट्टी वाजते, पंच एकेकाच्या पाठीला धरून बाजूला ओढतात. तोवर खाली जे काही होतं ते देवालाही दिसत नसावं. लिऑन कुबाकी तिथे पालथा पडला होता. तोंडात चिखल होता आणि बरगड्यांवर कुणाचा तरी गुडघा. एक अंगठा हेल्मेटच्या जाळीतून आत आला आणि त्याचा डोळा शोधू लागला. लिऑनने मान वळवून तो अंगठा दातांत धरला आणि कडकडून चावला. वरून कुणीतरी किंचाळलं. अंगठा निघून गेला आणि तोंडात रक्ताची चव राहिली.

"किती मिळालं?" त्याने चिखल थुंकत विचारलं.

"घंटा मिळालं," एमस टिडवेलचा आवाज कुठूनतरी पोटाखालून आला. "उलट बोटभर मागे आलोय. ऊठ की रे, माझ्या पायावर पडलायस तू."

अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला शेवटचा सामना होता. नोव्हेंबरमधला शनिवार, भरदुपार, आणि नदीपलीकडचे वेस्ट हॅलमवाले ब्रॅडिगनच्या मैदानावर आलेले. सात-तीन. ब्रॅडिगन मागे. ते तीन गुणसुद्धा लाथेने कमावलेले, कारण पहिल्या अर्ध्यात गोललाईनपाशी जाऊन दोनदा थोबाड फुटलं होतं. आता लाथेचा उपयोग नव्हता; लाथेने तीनच मिळतात, रेषा ओलांडली की सहा. चेंडू छातीशी धरून त्या चुन्याच्या रेषेपलीकडे जायचं, नाहीतर घरी जायचं. रेषा दोन यार्डांवर होती, म्हणजे उंच माणूस आडवा झाला तर हात लागेल इतकी जवळ. चार प्रयत्नांपैकी एक आत्ताच ढिगात गेला होता.

त्या वर्षी ब्रॅडिगनचं घोडं इथेच पेंड खात होतं. अख्खं मैदान ही पोरं हसतखेळत पार करायची. पण शेवटचे दोन यार्ड आले की भिंतीवर डोकं आपटल्यासारखं व्हायचं. कोच ब्रॅनिगर हट्टी माणूस. रेषेपाशी आलं की त्याचा एकच डाव: डावा गार्ड लिऑन कुबाकी समोरच्याला उचलून वाट काढणार आणि मागून फुलबॅक एमस चेंडू घेऊन त्याच्या पाठीला चिकटून घुसणार. "एक यार्ड मागायचा नसतो, कुबाकीच्या पाठीमागून घ्यायचा असतो," असं तो म्हणायचा, आणि गावाला ते पटायचं. आता डाव फसला की वाट कुणी काढली नाही हे कोण बघतं? चेंडू ज्याच्या हातात तो मेला. एमसच्या दारावर कुणीतरी डांबराने भला मोठा एकचा आकडा काढला होता. एक यार्ड. त्याच्या आईने घासलेटने दोनदा पुसला, तरी सावली राहिलीच.

तो आकडा गावात नवा नव्हता. तो आधी वॉल्ट रिझनरचा होता.

वॉल्ट आत्ताही वर प्रेक्षकांत बसला होता, लिऑनच्या बापाशेजारी, नेहमीसारखा. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच मैदानावर, याच हॅलमविरुद्ध, वॉल्ट फुलबॅक होता आणि लिऑनचा बाप स्टॅश कुबाकी डावा गार्ड. एक यार्ड हवा होता. वॉल्ट चार वेळा घुसला आणि चारही वेळा आडवा झाला. चौथ्यांदा त्याच्या मानेत काहीतरी तुटलं ते कायमचं. तेव्हापासून त्याला मान वळवता येत नाही. बाजूला बघायचं तर कमरेपासून सगळा वळतो. गाडी चालवता येत नाही, म्हणून स्टॅश त्याला गिरणीत नेतो, चर्चला नेतो, सामन्याला आणतो. आणि बारमध्ये, न्हाव्याकडे, लग्नात, स्टॅशच पहिला त्याच्या खांद्यावर हात टाकून ओरडतो, "एक यार्ड, वॉल्ट! एकच यार्ड मागितला होता रे तुझ्याकडे!" सगळे हसतात. स्टॅशच्या मनात वाईट काही नसतं, असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला. वॉल्ट कधी भांडला नाही. फार चिडवलं तर एवढंच म्हणायचा, "ते आधीच उभे होते तिथं." त्यावर तर जास्तच हसायचे.

स्टॅशला मात्र गावाने डोक्यावर घेतलं. न्हाव्याच्या आरशावर त्याचा फोटो आहे: चेंडू सुटायच्या आधीच्या बैठकीत वाकलेला, उजवा हात जमिनीवर, सगळं वजन पाच बोटांच्या टोकांवर, बोटं पांढरीफटक. "हा बघा कुबाकींचा हात," न्हावी नव्या गिऱ्हाइकाला दाखवतो. तोच हात स्टॅशने पोराला दिला. लिऑन नऊ वर्षांचा असल्यापासून घरामागच्या गल्लीत रोज तालीम. बाप बिअरच्या बाटल्यांची झाकणं जमिनीवर उलटी ठेवायचा, दाते वर. पोराने त्यांवर बोटं टेकून वजन टाकायचं. मग बोटं उलटी करून दाखवायची. दाते उमटले नसतील तर पुन्हा, आणि मानगुटीत एक ठेवून द्यायचा. "हलक्या हाताने बायका बसतात, मासे साफ करायला," तो म्हणायचा. लिऑनच्या बोटांच्या टोकांवर अजून ते बारीक गोल वळ आहेत.

"परत तोच," चेंडू वाटणाऱ्या, फेकणाऱ्या क्वार्टरबॅकने घोळक्यात सांगितलं. "कुबाकीच्या मागून."

"कोचला म्हणावं दुसरं काहीतरी शोध," एमस म्हणाला. त्याचं नाक पहिल्या अर्ध्यातच फुटलं होतं आणि तो तोंडाने श्वास घेत होता. "साले आधीच उभे असतात रे तिथं."

लिऑनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. अगदी वॉल्टचेच शब्द. त्याला दिसलं की एमस आज इथे थांबला तर वॉल्टसारखा जन्मभर इथेच थांबेल. याचा हात कुणाच्या तरी गाडीच्या दारावर असेल आणि कुणीतरी याच्या खांद्यावर हात टाकून हसेल. आणि तो कुणीतरी कोण असेल, हेही त्याला दिसलं. त्याला बापाचा राग आला, मग स्वतःचा आला, कारण गेल्या महिन्यात त्यानेच एमसला चार पोरांसमोर म्हटलं होतं, "मी वाट काढतोय, तू नुसतं पळायचं तर आहे."

"या वेळी काढतो," तो म्हणाला. "आईशप्पथ काढतो."

रेषेवर तो वाकला. उजवा हात खाली, पाच बोटं, सगळं वजन. समोर गॉर्डी पेल्ट्झ होता, हॅलमच्या बचावफळीतला मधला गडी, कसायाचा पोरगा आणि कसायाएवढाच. त्याचा अंगठा पट्टीत गुंडाळलेला होता आणि पट्टीतून रक्त येत होतं.

"चावतोस काय, कुत्र्या?" गॉर्डी म्हणाला. "थांब, तुझे दातच काढतो." मग त्याने खाली पाहिलं आणि मागे वळून ओरडला, "लाल! लाल!"

सामना सुरू झाल्यापासून तो कधी लाल ओरडत होता, कधी निळा. बचाव करणारे काहीतरी ओरडतच असतात. लिऑनने कधी कान दिला नव्हता.

चेंडू सुटला. लिऑन गॉर्डीच्या छातीत घुसला, हेल्मेटवर हेल्मेट आदळून डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने गॉर्डीला खरंच हलवलं, अर्धा हात मागे रेटला. पण गॉर्डीच्या मागच्या फळीतून त्यांचा लाइनबॅकर चेंडू सुटायच्या आधीच पळत निघाला होता, आणि तो थेट त्याच भगदाडात आला जिथून एमस येणार होता. दोघे हवेत भेटले. आवाज असा आला की वरचे प्रेक्षक एकदम गप्प झाले. एमस पाठीवर पडला. त्याच्यावर एक, मग दुसरा, मग तिसरा पडला, आणि शिट्टीनंतर चौथाही पडला. त्याने पडता पडता एमसच्या पोटात गुडघा घातला. लिऑनने त्याला मानेला धरून उचलला आणि हेल्मेटच्या जाळीवर बुक्की मारली. दोन पंच मधे पडले. दंड कुणालाच झाला नाही, कारण दोन्हीकडचं चालूच होतं.

एमस उठला तेव्हा त्याला आपली बाजू कुठली ते कळेना. तो हॅलमच्या घोळक्याकडे चालू लागला. लिऑनने त्याला दंडाला धरून वळवलं.

"टिडवेल! गाडून घे स्वतःला!" वरून कुणीतरी बोंबललं. "एक यार्ड!"

तिसऱ्या वेळीही तेच. "लाल!" तीच टक्कर, तोच लाइनबॅकर, तेच भगदाड. या वेळी एमसचा दात पडला आणि तो त्याने मुठीत धरून ठेवला, कुठे टाकावा ते न सुचून. फक्त या वेळी ढीग पडल्यावर लिऑनचा उजवा हात बाहेर राहिला होता, चिखलात पसरलेला. गॉर्डी ढिगावरून उठला. त्याने आपल्या फाटक्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे पाहिलं. मग सावकाश, पंचाची पाठ बघून, त्याने बुटाचे खिळे त्या बोटांवर ठेवले आणि दुसरा पाय उचलला.

लिऑनला आधी आवाज ऐकू आला, ओली काटकी मोडल्यासारखा, आणि मग कळ थेट दाढेपर्यंत गेली. तो ओरडला, पण त्याचं तोंड चिखलात होतं.

"आता चाव," गॉर्डी म्हणाला आणि निघून गेला.

कोचने वेळ मागून घेतली. लिऑनने हात पोटाशी, शर्टाखाली लपवला. मधली दोन बोटं भलतीकडे वळली होती आणि तळवा फुगायला लागला होता. सांगितलं असतं तर कोचने त्याला बाहेर काढला असता आणि त्याच्या जागी नववीतून नुकताच वर आलेला, गॉर्डीच्या मांडीएवढा पोरगा आला असता. मग एमसचं काय झालं असतं ते सांगायला नको.

"शेवटचा," कोच म्हणाला. "तोच डाव. टिडवेल, या वेळी जर आडवा झालास ना, तर परत उठूच नकोस."

एमसने मुठीतला दात लिऑनला दिला. "हरवेल," तो म्हणाला. लिऑनने तो डाव्या हाताने मोज्यात खोवला.

रेषेवर लिऑन वाकला. हात टेकणार कसा? डाव्या हातावर बसायचं तर त्या बाजूने उठून ढकलणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तोल गेला असता. त्याने उजवा हात खाली नेला. बोटं नुसती चिखलाला लागली तरी डोळ्यांत पाणी आलं. म्हणून त्याने सगळं वजन मागे, टाचांवर घेतलं आणि हात गवताला जेमतेम शिवेल असा ठेवला. मासे साफ करायला बसतात तसा. वर बाप बघत होता. लिऑनला इतकी लाज वाटली की क्षणभर तो बोटांची कळही विसरला.

गॉर्डीने खाली पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "निळा!" तो ओरडला. "निळा, निळा!"

चेंडू सुटला. लिऑन खांद्याने पुढे झेपावला, हात छातीशी दुमडून, आणि टक्कर झालीच नाही. गॉर्डी बाजूला सरकून क्वार्टरबॅककडे धावत सुटला होता. लाइनबॅकर चार पावलं मागे, डोळे आभाळाकडे, चेंडू हवेतून येईल म्हणून वाट बघत. लिऑन तसाच धडपडत त्याच्या पायांत जाऊन आदळला. लिऑनच्या पाठीवरून एमस गेला, डोकं खाली घालून, डोळे मिटून, मार खायच्या तयारीने. मार आला नाही. तो रेषेपलीकडे दहा पावलं गेला, कुंपणाला जाऊन धडकला, आणि तिथेच उभा राहून कुणी मारतंय का ते बघू लागला.

मैदान जल्लोषाने दणाणलं. लिऑन मात्र पालथाच होता, आणि त्याच्या डोक्याच्या वर दोघं भांडत होते.

"पास म्हणालास ना तू? निळा म्हणालास!" लाइनबॅकर गॉर्डीच्या छातीवर बुक्क्या मारत होता.

"त्याची बोटं पांढरी नव्हती!" गॉर्डी रडवेला झाला होता. "वर्षभर फिल्ममध्ये बघितलंय ना आपण! पांढरी झाली की घुसणार, नाही झाली की पास. हलका बसला होता तो! बघ ना त्याचा हात!"

"अरे भडव्या, तूच तर तुडवलास ना तो हात!"

लिऑन तिथेच चिखलात पडून राहिला. पासच्या वेळी, म्हणजे चेंडू हवेतून फेकायचा असतो तेव्हा, गार्डला मागे सरायचं असतं, म्हणून हात आपोआप हलका पडतो. हे त्याला माहीत होतं. प्रत्येक गार्डला माहीत असतं. समोरच्यालाही ते दिसतं, एवढंच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. इतर वेळी मैदान मोकळं असतं, समोरच्याला कळलं तरी धावायला जागा असते. दोन यार्डांत जागा कुठली? दर शनिवारच्या सामन्याची फिल्म संघ एकमेकांना देतात, आणि नदीपलीकडे कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत बसून पोरं वर्षभर त्याची बोटं बघत होती. त्याच्याच हाताने एमसचं नाक फोडलं होतं.

मग त्याला न्हाव्याच्या आरशावरचा फोटो आठवला.

सामना संपला. एमसला खांद्यावर घेऊन लोक नाचत होते, तेच लोक. गाड्या लावायच्या जागेत, खडीवर, स्टॅश कुबाकी आपल्या गाडीपाशी उभा होता. शेजारी वॉल्ट. लिऑन टॉवेलात हात गुंडाळून आला तसा स्टॅश दोन पावलं पुढे आला आणि त्याने पोराच्या कानाखाली वाजवली.

"जिंकलो म्हणून बरं वाटतंय ना? मी बघितलंय. हलक्या हाताने बसलास. माझा पोरगा, अख्ख्या गावासमोर!"

"पप्पा, हात मोडलाय माझा."

"मग? मोडक्या हातावर बसायचं! मी बसलो नसतो?"

"बसला असतात," लिऑन म्हणाला. त्याचा कान गुणगुणत होता आणि आता त्याला कशाची भीती वाटत नव्हती. "म्हणूनच सांगतोय. बोटं पांढरी झाली की त्यांना कळतं, इथूनच येणार. गॉर्डी सगळ्यांना ओरडून सांगतो. आज मोडली म्हणून कळलं नाही, म्हणून एमस गेला. पप्पा, त्यांना आधीच माहीत असतं. ते आधीच उभे असतात तिथं."

वॉल्ट कमरेपासून वळला, आधी लिऑनकडे आणि मग स्टॅशकडे.

"काहीतरी बरळतोय," स्टॅश म्हणाला. "मार लागलाय डोक्याला."

"खाली बस, स्टॅश," वॉल्ट म्हणाला.

"काय?"

"बस ना. फोटोत बसतोस तसा."

"वेडबिड लागलंय का तुला? इथं?" स्टॅशने आजूबाजूला पाहिलं. चारदोन लोक थांबून बघत होते, आणि लोकांसमोर त्याला कुणी आव्हान दिलेलं त्याच्याने सोसवत नसे. "बघा हं! बघा, काय दिसतं ते!" तो पाय फाकवून वाकला, पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरले, तरी बैठक तशीच पक्की. उजवा हात खडीवर, पाच बोटं, सगळं वजन. "बोल! काय दिसतंय?"

बोटं पांढरीफटक झाली, नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत. उतरत्या उन्हातही लांबून दिसत होती.

वॉल्टला मान खाली घालता येत नाही. तो कमरेत वाकून बघत राहिला, खूप वेळ. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आयुष्यभर ज्याच्या गाडीत बसून फिरला, त्याचा हात तो पहिल्यांदाच बघत होता.

"मी तुला विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "हॉस्पिटलात. म्हटलं, स्टॅश, त्यांना कसं कळलं? तू म्हणालास, तू घाबरलास वॉल्ट. आणि मला वाटलं, घाबरलोच असेन."

स्टॅशने आपल्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदा नुसतं पाहिलं, मग दिसलं. त्याने वजन मागे घेतलं नाही. कदाचित त्याला सुचलं नाही.

वॉल्टने पाय उचलला. गिरणीतला बूट, पुढे लोखंडी टोपी असलेला. त्याने तो त्या बोटांवर ठेवला, अगदी सावकाश, आणि त्यावर उभा राहिला.

खडी करकरली, आणि खडीखेरीजही काहीतरी. स्टॅशच्या घशातून आवाज निघाला. लिऑन धावला आणि त्याने बापाचा खांदा धरला, त्याला मागे ओढायला.

"सोड," स्टॅश दातांमधून म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "राहू दे."

वॉल्ट उभाच होता, सरळ, समोर बघत. आणि स्टॅशने हात काढून घेतला नाही.